पन्नास वर्षांनी भरलेला वर्ग

(परिचारिका दिनानिमित्त कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

१२ मे २०२२ रोजी एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी रुग्णालयाच्या आवारातील परिचर्या विद्यालयाच्या जुन्या वर्गखोलीत बारा वृद्ध स्त्रिया बाकांवर बसल्या होत्या. साऱ्यांची वये अडुसष्टच्या आसपास. कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या हातात काठी. १९७२ साली ह्याच खोलीत त्यांच्या शिक्षणाला आरंभ झाला होता आणि त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून हे स्नेहसंमेलन योजले होते. प्रवेश घेतला चोवीस जणींनी, उत्तीर्ण झाल्या एकवीस. त्यांतल्या सहा आज हयात नाहीत. तिघींना प्रवास झेपला नाही.

हजेरी घेतली गेली ती नावांनी नव्हे, आकड्यांनी. वसतिगृहातून धोब्याकडे जाणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने एक आकडा घातलेला असे. साडेतीन वर्षांत तो आकडाच मुलीचे नाव होऊन बसला. लग्नानंतर आडनावे बदलली, काहींची सासरी नावेही बदलली. आकडे मात्र बदलले नाहीत. "सात नंबर" असा पुकारा झाला तेव्हा शेवटच्या बाकावरून अगदी हळू आवाजात "हजर" असे उत्तर आले आणि खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेचे कारण पुढे येईल.

ह्या मुली परिचर्येकडे का वळल्या? कंदील हाती घेतलेल्या बाईंची गोष्ट वाचून कोणी आली नव्हती. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बीड, सोलापूर, अहमदनगर आणि तेव्हाचे उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांतील गावेच्या गावे खडी फोडायला बसली होती. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळे आणि कामावरच्या पोरांच्या ओंजळीत सुकडी पडे. अशा वर्षी जुनी अकरावी उत्तीर्ण झालेल्या मुलीला राहायला खोली, दोन वेळचे जेवण आणि वर थोडे विद्यावेतन देणारी एकच शाळा होती, ती म्हणजे परिचर्येची. चौदा नंबरच्या वडिलांनी तिला दारात सोडताना सांगितले होते, "पोरी, येथे निदान जेवशील." नंतर ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. मुलगी परक्यांचे मलमूत्र काढणार, परपुरुषाच्या अंगाला हात लावणार, ही लाज. आणि तिच्या विद्यावेतनातून आलेल्या मनीऑर्डरीवर घरची चूल पेटणार, ही गरज. ह्या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी नांदत होत्या.

ही लाज जातीव्यवस्थेने घडवलेली होती. जन्ममरणाच्या वेळचे रक्त, मळ आणि घाण ज्यांच्या वाट्याला शतकानुशतके दिली गेली, त्यांचेच हे काम असे मानले जाई. म्हणून आपल्याकडे प्रारंभी ह्या व्यवसायात प्रामुख्याने ख्रिस्ती मुली आल्या. रमाबाई रानडे यांच्या काळात पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी हिंदू घरांतील मुली आणि विधवा पाठवल्या, तेव्हा ते धाडस ठरले. १९७२ च्या त्या वर्गात मराठा होत्या, धनगर होत्या, बौद्ध होत्या, ख्रिस्ती होत्या. एका पंगतीत जेवायला त्यांना पहिला महिनाभर अवघड गेले. नंतर रात्रपाळीने ते सोपे केले. पहाटे चार वाजता ज्या मुलीने आपल्या वाटणीचा चहा पुढे केला तिची जात विचारण्याचे त्राण कोणातही नसे.

शिक्षण म्हणजे काय होते? सकाळी दोन तास वर्ग, उरलेला दिवस आणि पाळी आली की सारी रात्र वॉर्डात. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून धार लावायची, रबरी हातमोजे धुऊन, वाळवून, भोके तपासून त्यांत पावडर भरायची, गॉजच्या घड्या करून ड्रममध्ये रचायच्या, सलाईनच्या काचेच्या बाटल्या सांभाळायच्या. एनॅमलची भांडी घासून मोजून द्यायची आणि एखाद्या भांड्याचा टवका उडाला तर विद्यावेतनातून पैसे कापून घ्यायचे. दुसऱ्या वर्षाची मुलगी आणि तिच्या हाताखाली पहिल्या वर्षाची मुलगी, अशा दोघींच्या भरवशावर चाळीस खाटांचा वॉर्ड रात्रभर सोडलेला असे. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने आयुष्यातला पहिला मृत्यू बहुधा एकटीनेच पाहिला. चार नंबरने त्या रात्री मृताचे डोळे मिटले, हनुवटी बांधली आणि मग स्टोअररूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडली, कारण शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडता कामा नये असे शिकवलेले होते.

ह्याला शिक्षण म्हटले गेले म्हणून त्याचे वेतन द्यावे लागले नाही, एवढे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावे. १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल दिलेल्या भोर समितीने नमूद केले होते की ह्या देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका आहे. स्वातंत्र्यानंतर रुग्णालये वाढली, खाटा वाढल्या. परिचारिकांची पदे त्या मानाने वाढली नाहीत. मधली उणीव विद्यार्थिनींनी भरून काढली. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने पुढे जे प्रमाण घालून दिले ते असे होते: शैक्षणिक रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतर सामान्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. जमलेल्या बारा जणींनी आपल्या साऱ्या नोकरीत असे प्रमाण एकदाही पाहिले नाही. एकीने विनोदाने म्हटले की पाच रुग्णांमागे एक हे खरेच होते, फक्त ते पाच रुग्ण जमिनीवर गाद्या टाकलेले असत, खाटांवरचे वेगळे.

मग टोपी घालण्याचा समारंभ, हातात दिवे आणि शपथ. "नाइटिंगेलची शपथ" म्हणून जी म्हणवून घेतली जाते ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. त्या मूळ शपथेत आयुष्य पावित्र्याने घालवण्याचे आणि डॉक्टरला त्याच्या कामी निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. पोटभर वेतनाचा, विश्रांतीचा, सुरक्षिततेचा उल्लेख तिच्यात नाही; शपथा काही त्यासाठी लिहिल्या जात नाहीत, हेही खरे. परंतु स्वतः नाइटिंगेल ही आज्ञाधारक बाई मुळीच नव्हती. क्रिमियन युद्धात सैनिक शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रुग्णालयातील घाणीने आणि रोगराईने अधिक मेले, हे तिने आकडे मांडून, आलेख काढून सरकारच्या गळी उतरवले. हिंदुस्थानात कधीही न येता तिने येथील लष्कराच्या छावण्यांतील मृत्यूंचा हिशेब मागितला. आपल्या रुग्णालयांनी तिचा दिवा तेवढा घेतला आणि हिशेबाची वही टाकून दिली.

ह्या मुली दुसऱ्या वर्षात असताना, २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानभाग ह्या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कामाची वेळ संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली होती. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने तिच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती प्राणघातक हल्ल्याची आणि लुटीची, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. मुंबईच्या परिचारिकांनी त्या वेळी संप केला. पुढे १९८० च्या दशकात पालिकेने अरुणाला तेथून हलवण्याचा प्रयत्न केला, तोही परिचारिकांनी हाणून पाडला. १८ मे २०१५ रोजी ती वारली; तोवर, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवले, पुसले, कुशीवर वळवले. एवढ्या वर्षांत तिला शय्याव्रण होऊ दिले नाहीत, ह्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली. दयामरणाच्या प्रश्नावर त्या निकालाची देशभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु परिचारिकेला कपडे बदलायला आतून कडी लावता येईल अशी खोली का नव्हती, हा साधा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला.

ह्या जिल्ह्याच्या गावी त्या घटनेचा परिणाम काय झाला? वसतिगृहाचे फाटक रात्री साडेआठऐवजी सात वाजता बंद होऊ लागले. उपाय म्हणून मुलींनाच कुलपात ठेवले गेले. वॉर्डातून वसतिगृहाकडे येणाऱ्या वाटेवरचा दिवा मात्र चौथ्या वर्षी लागला, आणि तोही एका मंत्र्याचा दौरा होता म्हणून.

१९७६ च्या आरंभी ह्या एकवीस जणी नोकरीस लागल्या, तेव्हा आणीबाणी होती. पहिलीच कामगिरी अनेकींच्या वाट्याला आली ती नसबंदीच्या शिबिरांची. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेण्यापर्यंत महाराष्ट्राची मजल गेली होती, हे येथे उपस्थित असलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या मेळाव्यात एकोणीस नंबरने एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. जीपमधून आणलेला तो मनुष्य टेबलावर झोपताना तिला म्हणाला होता, "बाई, माझी बायको जाऊन चार वर्षं झाली." तिने डॉक्टरांकडे पाहिले, डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले. तिने त्याचा हात धरून ठेवला. तो हात धीर देण्यासाठी धरला होता की त्याने उठून जाऊ नये म्हणून, हे तिला आजवर ठरवता आलेले नाही. हे ऐकून कोणी काही बोलले नाही. चहा आला.

आता सात नंबरची गोष्ट.

१४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा ही मुख्य मागणी, र. ग. कर्णिक यांचे नेतृत्व. आणि मुदत ५४ दिवस. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय नोकरदारांच्या लढ्यांत त्या संपाचे स्थान मोठे आहे, हे निराळे सांगायला नको. ह्या रुग्णालयातील काही परिचारिका संपात उतरल्या, काही उतरल्या नाहीत. ह्या तुकडीतल्या ज्या आठ जणी तेव्हा येथे नोकरीला होत्या, त्यांपैकी सात बाहेर पडल्या. सात नंबर आत राहिली. तिला त्या दिवसापासून "फितूर" हे नाव मिळाले. भोजनगृहात तिच्या शेजारी ताट मांडायला कोणी तयार नव्हते. पुढे बदल्या झाल्या, लग्ने झाली, एकमेकींच्या मुलांची बारशी झाली. सात नंबरला कोणाचेही बोलावणे गेले नाही. ह्या मेळाव्याचे पत्रही तिला पाठवावे की नाही ह्यावर वाद झाला होता. पाठवले, आणि ती ४४ वर्षांनी आली.

जेवणानंतर ती आपण होऊन उठली आणि उभ्यानेच बोलली. संप सुरू झाला त्या दिवशी जळितांच्या वॉर्डात एक वीस वर्षांची सून होती. कागदावर कारण लिहिले होते, "स्टोव्हचा भडका". त्या काळी सगळ्या सुनांच्या कागदावर हेच लिहिलेले असे. निम्म्याहून अधिक अंग भाजलेले. पट्ट्या बदलताना ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. "मी बाहेर गेले असते तर तिच्या पट्ट्या कोणी बदलल्या असत्या, एवढे एकच कोणी तरी सांगा," सात नंबर म्हणाली. "एकतिसाव्या दिवशी ती गेली. वाचली असती तर तुम्हाला तोंड दाखवायला मला काही आधार तरी होता. म्हणून आले नाही."

ह्यावर चौदा नंबर उठली. संपाच्या काळात तिचे वेतन बुडाले, घरी मनीऑर्डर गेली नाही आणि धाकट्या भावाचे परीक्षेचे वर्ष वाया गेले. हा भाऊ पुढे शिकलाच नाही. तिने जे सांगितले ते कामगार संघटनांत वावरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे. "अगं, तू वॉर्डात राहिलीस ह्याचा राग आम्हाला नव्हता. तू राहिलीस म्हणून साहेबांनी वर लिहून पाठवले की रुग्णालय सुरळीत चालू आहे. तू एकटी, वॉर्डात बत्तीस पेशंट. ते सुरळीत होते का? तसे तू एका कागदावर लिहून सहीने दिले असतेस, तर तीही संपातच असती आणि तूही."

सात नंबर म्हणाली, "तसे लिहिता येते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नाही. तुम्हीही नाही."

दोघींचेही खरे आहे, मित्रहो, आणि हे म्हणणे सोयीस्कर समझोता म्हणून केलेले नाही. गिरणीतला संप झाला तर माग थांबतो. मागाला वेदना होत नाहीत. परिचारिकेचा संप झाला की मालक सुरक्षित राहतो आणि ज्याच्याशी भांडण नाही तो रुग्ण तळमळतो. ही गोष्ट व्यवस्थेला पक्की ठाऊक असते. परिचारिकेच्या कनवाळूपणाचा अंदाज करूनच तिच्या पदांची संख्या ठरवली जाते: माणसे कमी असली तरी ती रुग्णाला तसेच सोडून जाणार नाही, ह्या खात्रीवर. संपाचे असे हत्यार, ज्याने रुग्णाला नव्हे तर व्यवस्थेला इजा होईल, ते घडवण्याचे काम संघटनेचे होते. अपुऱ्या मनुष्यबळाची रोजची लेखी नोंद, प्रत्येक पाळीची, वरच्या सहीसह. नेमून दिलेल्या कामापलीकडची कारकुनी नाकारणे. तातडीच्या विभागांसाठी संपकर्त्यांनीच आपली यादी लावणे. पैकी काहीच त्या ५४ दिवसांत ह्या गावी झाले नाही. आणि आपल्या चळवळीने तरी काय केले? गिरणीच्या फाटकावर, खडीच्या केंद्रावर, एस.टी.च्या डेपोत सभा झाल्या. परिचारिकांच्या वसतिगृहाच्या फाटकाशी कोणी गेले नाही. पुरुष कार्यकर्त्याला तेथे प्रवेश नव्हता ही सबब खरी, पण पुरेशी नाही.

रुग्णालयात माणसांना नाती लावण्याची एक रीत आहे. परिचारिका ही "सिस्टर", झाडलोट करणारी "मावशी", स्ट्रेचर ओढणारा "मामा". डॉक्टरला मात्र कोणी काका म्हणत नाही. नाते लावण्यात रुग्णाची माया असते, त्यात खोट नाही. पण व्यवस्थापनाने जेव्हा हीच नाती उचलली, तेव्हा बहिणीने हक्काची रजा मागणे आणि मावशीने जादा वेळेचे पैसे मागणे हा कृतघ्नपणा ठरू लागला.

दुपारी दोननंतर एक तरुण परिचारिका त्या खोलीत आली. सकाळची आठ ते दोनची पाळी संपवून, गणवेशातच. तिला ह्या वृद्ध स्त्रियांबरोबर छायाचित्र काढायचे होते. कोणी तरी तिला विचारले, तुझ्या तुकडीचे संमेलन कधी? ती हसली. तिच्या वर्गातल्या वीस जणींपैकी सहा आखातात आहेत, काही मुंबईत खासगी रुग्णालयांत एका खोलीत पाच-पाच जणी राहतात, तिघींनी काम सोडले. ती स्वतः अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. वेतन कायम परिचारिकेच्या निम्म्याहून कमी. तिचे शिक्षण विद्यावेतनावर नव्हे, खासगी महाविद्यालयात कर्ज काढून झालेले. पहिल्या नोकरीत खासगी रुग्णालयाने तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. ती सोडवायला वडिलांना बैल विकावा लागला. कोविडच्या लाटेत तिला घाईने बोलावून घेतले, टाळ्या वाजवल्या, लाट ओसरल्यावर तिच्याबरोबरच्या नऊ जणींना घरी पाठवले. कपडे ती क्ष-किरण विभागामागच्या अडगळीच्या खोलीत बदलते. दाराला कडी नाही. एक मैत्रीण बाहेर उभी राहते.

म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या. त्यांनी दुष्काळात नोकरी धरली. उपाशी राहिल्या, कुलपात राहिल्या. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कायमच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि दर महिन्याला निवृत्तिवेतन घेतात. त्या निवृत्तिवेतनातूनच त्या येथवर एस.टी.ने आल्या होत्या. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना ती जुनी योजना नाकारण्यात आली. मार्च २०२३ मधील कर्मचाऱ्यांचा सात दिवसांचा संप त्याच मागणीसाठी झाला. कंत्राटी परिचारिका तर ह्या वादाच्याही बाहेर. पन्नास वर्षांनी एक वर्ग पुन्हा भरतो ह्याचे श्रेय नुसत्या स्नेहाला देता येत नाही. ती माणसे एका ठिकाणी टिकली, त्यांचे पत्ते टिकले, म्हातारपणी भाड्याचे पैसे हाताशी राहिले. हे सारे १९७२ च्या त्या गरीब मुलींना मिळाले आणि कर्ज काढून शिकलेल्या त्यांच्या नातींच्या वयाच्या मुलींना मिळत नाही.

खासगी रुग्णालयांपुरते सांगायचे तर २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकेइतके आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणी किमान २०,००० रुपये मासिक वेतन सुचवले. शिफारस चांगली, अंमलबजावणीची जबाबदारी राज्यांकडे गेली. आपल्या तालुक्याच्या गावातील दहा खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेच्या हातात किती रुपये पडतात, हे कार्यकर्त्यांनी स्वतः विचारून पाहावे.

त्या बारा जणींनी प्रत्येकी ४,००० रुपये काढून ४८,००० रुपये जमवले होते. त्यातून विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी फलक बसवायचा, त्यावर तेवता दिवा आणि दिवंगत शिक्षिकांची व सहा मैत्रिणींची नावे, असे ठरले होते. चार नंबरने आता सुचवले की फलक राहू द्या, ह्या पोरींना कडी लागणारी एक खोली करून द्या. ह्यावर जो वाद झाला तो हजेरीच्या वेळच्या शांततेपेक्षाही कडवट होता. मेलेल्यांची नावे पुसता का, असे एकीने विचारले. खोली बांधणे हे सरकारचे काम, आपण पदरमोड करून सरकारची लाज का झाकायची, असे दुसरीने विचारले. आणि हा प्रश्न खरोखरच सोपा नाही. चौदा नंबरने उत्तर दिले की सरकारचे काम सरकारकडून करून घेऊच, पण तोवर दाराबाहेर कोण उभे राहणार? मतदान झाले. सात विरुद्ध पाच मतांनी खोली. रुग्णालयाच्या नकाशात अशी खोली नाही, म्हणून कार्यालयाने सहा महिने कागद अडवला. शेवटी औषधभांडाराच्या व्हरांड्यात प्लायवुडचा आडोसा, आत बाक, खुंट्या, आरसा, आणि आतून कडी, एवढे झाले. नावांचा फलक झाला नाही. विरोधात मत दिलेल्या पाच जणींपैकी दोघी अजून त्याबद्दल नाराज आहेत.

पण त्याच्या पुष्कळ आधी, मेळाव्याला पंधरा दिवस होत आले असताना, राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीच्या विरोधात संप पुकारला. गावात राहणाऱ्या चौघी निवृत्त परिचारिका रोज सकाळी रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन मांडवात बसू लागल्या. चौदा नंबरने वहीत पाळीवार नोंदी ठेवण्याचे काम घेतले: कोणत्या वॉर्डात किती रुग्ण, किती परिचारिका, कोणाच्या सहीने. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून सात नंबर आली. तिने सोबत भाकऱ्या आणि ठेचा आणला होता. दिवसभर ती त्या तरुण मुलींमध्ये बसली. घोषणा दिल्या नाहीत, पण उठूनही गेली नाही.

संध्याकाळी शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तिने पिशवी उचलली, फाटकापर्यंत गेली आणि परत वळून चौदा नंबरला विचारले, "जळितांच्या वॉर्डात रात्री कोण आहे?"

चौदा नंबरने वही उघडून पाहिले. "पाठ्यनिर्देशिका आहेत," ती म्हणाली, "आणि पहिल्या वर्षाच्या दोन मुली."